फाट्यावरची अर्धी भिंत

पवित्र शास्त्रात आमच्या धंद्याची माणसं फार नाहीत. सुतार आहेत, कोळी आहेत, मेंढपाळ तर पानोपानी आहेत, तंबू शिवणारा एक मोठा प्रेषितही आहे. पेंटर मात्र शोधावा लागतो. मी शोधला. हबक्कूक नावाचा एक संदेष्टा आहे. त्याचं लिखाण इतकं थोडं की दोन पानं एकमेकांना चिकटलेली असली तर वाचणारा त्याला ओलांडून पुढे निघून जातो. त्याला देवानं सांगितलं की तुला जे दिसलं ते पाट्यांवर लिही, आणि असं ठळक लिही की पळत जाणाऱ्यालाही ते वाचता यावं. हे मी पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा हातातला ब्रश खाली ठेवला. आमच्या धंद्याचा सगळा कायदा त्या एका आज्ञेत आला होता.

नाताळ अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा, असं संपादकांनी दोनदा सांगितलं. यंदा श्रावणात माझी पत्नी मार्था गेली. तेव्हापासून मी सगळं सावकाशच करतो. हे लिखाणही तसंच झालं आहे. एक परिच्छेद लिहायचा, मग अंगणात जाऊन यायचं. पण काय लिहायचं याबद्दल मनात शंका नव्हती. आयुष्यभर शेकडो पाट्या आणि भिंती रंगवल्या. त्यांतली एकच भिंत अशी की जिच्याबद्दल देवासमोर उभं राहून सांगता येईल.

बाहेरच्यांना वाटतं, पेंटर म्हणजे अक्षर चांगलं असलेला माणूस. अक्षर शेवटी येतं. आधी भिंत. ती कोरडी हवी, तिला चुन्याचे दोन हात हवेत, आणि दुसरा हात पहिल्याच्या आडवा हवा. मग गेरूत बुडवलेली सुतळी दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची आणि तिसऱ्यानं मधोमध ओढून सोडायची. त्याला आम्ही टिचकी म्हणतो. भिंतीवर सरळ तांबडी रेघ उठते. त्या रेघेला शिरोरेषा टांगायची, कारण मराठी अक्षर जमिनीवर उभं राहत नाही, वरून लोंबतं. काळा रंग दिव्याच्या काजळीचा, जवसाच्या तेलात घोटलेला. पायी जाणाऱ्याला वीतभर अक्षर पुरतं, बैलगाडीतल्याला दीड वीत लागतं, बसमधल्याला हातभर. आणि अक्षरापेक्षा मोकळी जागा महत्त्वाची. नवशिका पेंटर भिंत भरून काढतो. जाणता पेंटर भिंत शिल्लक ठेवतो.

हे सगळं मी परभणीला उस्तादांकडे शिकलो. उस्ताद म्हणजे गफूरमियाँ. निजामाच्या राज्यात कचेऱ्यांवरच्या उर्दू पाट्या त्यांच्या हातच्या असत. त्यांचं अक्षर पाटीवर असं बसायचं की जणू गादीला टेकून बसलं आहे. पुढे ते राज्य गेलं. कचेऱ्यांवर, दुकानांवर मराठी पाट्या लागू लागल्या, आणि उस्तादांना मराठी अक्षर येत नव्हतं. मग असं व्हायचं की त्यांची पाटी मी खरवडायची आणि तिच्यावर माझं मराठी लिहायचं. रंग ते घोटून द्यायचे. ते राज्य घ्यायला भारताचं सैन्य आलं त्या पोलिस ॲक्शनच्या दिवसांत त्यांचा थोरला मुलगा घराबाहेर पडला तो परत आला नाही. त्याबद्दल ते बोलत नसत. "मैं घोट देतौं मियाँ, तुम लिखो," एवढंच म्हणायचे. माझ्या हाताला जी बरकत आली ती माझ्या गुरूची अक्षरं पुसून आली. या गोष्टीला काही उपाय नव्हता, पण म्हणून ती विसरावी असंही नाही.

मानवतला एक किराणा दुकानदार होता. त्याच्या दुकानावर उस्तादांनीच लिहिलेली उर्दू पाटी होती, त्याच्या वडिलांच्या नावाची. तो म्हणाला, "पेंटर, खरवडू नका. वरूनच लिव्हा. बापाचं नाव आत राहू द्या."

"दिसणार नाही ते," मी म्हणालो.

"मला म्हाईत राहील की."

मी वरून पांढरा पातळ हात देऊन मराठी लिहिलं. चार पावसाळे गेले आणि आतलं काळं वर येऊ लागलं. मराठी अक्षरांच्या मागे उस्तादांची अक्षरं सावलीसारखी दिसायची. मी लाजलो, पुन्हा रंगवून देतो म्हणालो. दुकानदार हात जोडून म्हणाला, "हात लावू नका. आता दोघं बी दुकानावर बसायलेत."

दुसरं गिऱ्हाईक सेलूचं, कापसाचे व्यापारी. त्यांना गोदामाच्या मागच्या भिंतीवर नाव हवं होतं, मुंबईकडच्या माणसाला आगगाडीतून दिसावं म्हणून. मी म्हणालो, शेठजी, गाडी थांबते तेव्हा त्या बाजूला मालडबे उभे असतात, भिंत दिसतच नाही. ते म्हणाले, "तुम्ही लिहा. डबे काय जन्मभर उभे राहतात?" लिहिलं. डबे जन्मभर उभे राहिले.

आणखी एक सांगितलं पाहिजे, कारण पुढची गोष्ट तिच्यावर उभी आहे. त्या वर्षांत गावोगावच्या भिंतींवर मोठी मराठी अक्षरं लिहून घेणारं सरकारच होतं. देवी टोचून घ्या, साक्षर व्हा, शेतसारा वेळेवर भरा. ती लिहिणारा बहुतेक मीच. त्यामुळे खेड्यातल्या माणसांची पक्की समजूत झाली होती की भिंतीवर हातभर मराठी अक्षर दिसलं की ते सरकारी.

आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. देवगाव फाट्याला लागूनच आमच्या ख्रिस्ती मंडळीचं एक लहान प्रार्थनामंदिर होतं. त्याची लांब भिंत थेट रस्त्यावर. आमचे पाळकसाहेब म्हणाले, "पेंटर, इथून रोज बस जाते. हबक्कूकाचा शेवट लिहा. पळत जाणाऱ्यालाही वाचता येईल असा."

हबक्कूकाचा शेवट म्हणजे असा: अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्ष नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात दाणा नाही, वाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात ढोर नाही, तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. तोच माझं बळ आहे. तो माझे पाय हरिणीसारखे करतो.

मी म्हणालो, "साहेब, जैतून इकडं कुणी पाहिलेलं नाही. करडई लिहू का?"

"संदेष्ट्याच्या शेतात आपण पेरणी करायची नाही," साहेब म्हणाले.

भिंतीवर सहा ओळी बसत होत्या. तीन ओळी 'नाही'च्या, तीन ओळी 'तरीही'च्या. मी वरच्या तीन ओळींच्या रेघा मारल्या आणि लिहीत आलो. गोठ्यात ढोर नाही, इथवर आलो होतो. तेवढ्यात आम्ही राहायचो त्या सेलूकडून आलेली बस थांबली आणि कंडक्टर दारातूनच ओरडला, "पेंटर, घरी बोलवलंय. पोरीला लय ताप हाय."

पोर म्हणजे आमची एकुलती एक एस्तेर. नुकती शाळेत जाऊ लागली होती. घरी पाट्यांचं काम असलं की सुतळीला टिचकी मारायचा मान तिचा. मी एक टोक धरायचो, मार्था दुसरं, आणि एस्तेर मधोमध बसून सुतळी ओढायची, सोडायची, आणि रेघ उठली की स्वतःच टाळ्या वाजवायची. गेरूनं तिची बोटं कायम तांबडी. शाळेत मास्तरांनी विचारलं होतं, मेंदी लावतेस का गं रोज?

विषमज्वर होता. आठवड्याच्या आत ती गेली. सेलूच्या ख्रिस्ती दफनभूमीत तिला ठेवलं तेव्हा हात धुतलेले असूनही बोटांच्या टोकांना थोडा गेरू होता.

मी फाट्यावर परत गेलो नाही. रंगाची डबडी मंदिरातच राहिली. दुसरी कामं केली, दुकानांच्या पाट्या केल्या. ज्यात मला काही म्हणायचं नव्हतं ती सगळी कामं केली. पाळकसाहेब दोनदा घरी आले. पहिल्यांदा प्रार्थना करून गेले. दुसऱ्यांदा भिंतीचं विचारलं. मी म्हणालो, "साहेब, वरच्या तीन ओळी मी सहीनिशी लिहून देतो. खालच्या तीन दुसऱ्या कुणाकडून घ्या. मला ते खोटं लिहिता येणार नाही." पेंटरला खोटं लिहायची सवय असते, 'शुद्ध तुपाची मिठाई' मी कितीदा लिहिलं आहे. पण हे वेगळं होतं. साहेबांनी दुसरा पेंटर आणला नाही. ते म्हणाले, "भिंत तुमची आहे. थांबेल."

त्या वर्षी पाऊसही गेला. मृग बरा झाला आणि मग आभाळ कोरडं पडलं. कापसाची बोंडं झाडावरच आवळली. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन पिवळी पडली. आणि फाट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी, हातभर काळ्या मराठी अक्षरात माझी अर्धी भिंत उभी होती: शेतात दाणा नाही. गोठ्यात ढोर नाही.

फाट्यावर भुजंगरावांचं चहाचं हॉटेल होतं. भुजंगराव सातवी पास, त्यामुळे आजूबाजूच्या चार गावांचे वाचक तेच. त्यांनी भिंत मोठ्यानं वाचली, दोनदा वाचली आणि जाहीर केलं की सरकारनं पीक बुडाल्याचं कबूल केलं. भिंतीवर लिहून दिलं. यंदा सारा माफ. बातमी दोन दिवसांत सगळीकडे झाली. माणसं येऊन भिंतीला हात लावून बघू लागली, रंग पक्का आहे का म्हणून. मग बैलगाड्या जुंपून वीस-पंचवीस शेतकरी तालुक्याच्या तहसील कचेरीत गेले आणि म्हणाले, आमी माफीचा हुकूम न्यायला आलाव.

कसला हुकूम, कचेरीनं विचारलं.

"फाट्यावर लिव्हलाय त्यो."

दुसऱ्या दिवशी गिरदावर, म्हणजे पटवाऱ्यांवरचा महसूल अधिकारी, सायकलवरून फाट्यावर आले. हे मला पुढे भुजंगरावांनी साग्रसंगीत सांगितलं. गिरदावरांनी भिंत वाचली. चष्मा पुसून परत वाचली. मग गर्दीकडे वळून म्हणाले, "अरे, या तालुक्यात अंजीर कुणाचं आहे? द्राक्षं कुणाची आहेत? आणि हे जैतून काय आहे? सरकार जैतुनाचा सारा घेतच नाही!"

गर्दीत कौसाबाई होत्या. म्हाताऱ्या, नवरा जाऊन वीस वर्षं झालेल्या, स्वतःचं शेत स्वतः करणाऱ्या. त्या म्हणाल्या, "सायब, जैतून जाऊ द्या चुलीत. बाकीचं तर खरं हाय न्हवं? शेतात दाना न्हाई. या की, बगा की."

गिरदावरांनी रानाकडे नजर टाकली. शेत बघायचं तर उन्हात दोन मैल चालायचं होतं. पण एवढ्या लोकांसमोर नाही म्हणता येईना. ते चालत गेले, बघितलं, आणि परत येऊन पाळकसाहेबांसाठी निरोप ठेवला: शुक्रवारच्या आत ही भिंत पुरी करा, नाहीतर चुना फासा. अर्धं लिहून लोकांत गैरसमज पसरवू नका.

निरोप माझ्यापर्यंत आला. मी चुना घेतला. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. सरकारचा हुकूम होता, ठरवायचं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. परभणीहून उस्ताद सोबतीला आले होते. दोन पायऱ्यांची घडवंची, बालदी, कुंचे घेऊन आम्ही निघणार, तर मार्था दारात उभी. डोक्यावर पदर, हातात तिची पिशवी.

"मी पण येते," ती म्हणाली.

"चुना लावायला तिघं कशाला?"

"टोक धरायला दोघं लागतात. टिचकी मारायला तिसरं लागतं," ती म्हणाली आणि बसमध्ये जाऊन बसली.

मार्था फार शिकलेली नव्हती, पण मिशनच्या दवाखान्यात दाई म्हणून तिनं वर्षानुवर्षं काम केलं होतं आणि शास्त्र तिला तोंडपाठ होतं. वचनं शोधायला मला पानं उलटावी लागत. तिला लागत नसत.

फाट्यावर गर्दी होती. शुक्रवार होता आणि भिंतीचं काय होतं हे बघायला माणसं जमली होती. मी चुन्याची बालदी खाली ठेवली. कौसाबाई पुढे आल्या. "पेंटर तुमीच का? आमच्यासाठी लिव्हलं तुमी. आता पुसायलाव?"

"बाई, ते तुमच्यासाठी नव्हतं. ते सरकारी नाही. आमच्या शास्त्रातलं आहे."

"आसं व्हय," त्या म्हणाल्या. त्यांना राग आला नाही. माफी गेली एवढंच चेहऱ्यावर दिसलं. मग म्हणाल्या, "अर्धंच हाय म्हनं. पुढं काय हाय?"

"पुढचं राहू द्या."

"राहू द्या कसं? आमी चार महिने हे वाचून घ्यायलाव. नाही, नाही, नाही. कुटं तरी संपल का न्हाई हे?"

लोक हसले. मी नाइलाजानं खालच्या तीन ओळी तोंडानं सांगितल्या. तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. हसणं थांबलं.

"कोन म्हनलं हे?" कौसाबाईंनी विचारलं. "शाना का येडा?"

मग मला हबक्कूकाची हकिकत सांगावी लागली. मी काही उपदेशक नाही. जसं सुचलं तसं सांगितलं. म्हणालो, हा माणूस देवाशी भांडला. म्हणाला, किती दिवस ओरडू? तू ऐकत नाहीस. जुलूम दिसतो आहे, न्याय वाकडा झाला आहे, आणि तू बघत बसलास. देव म्हणाला, थांब, याहून वाईट येणार आहे. परक्यांचं सैन्य येणार आहे. तेव्हा तो म्हणाला, हा कुठला न्याय? मी आता माझ्या पहाऱ्यावर जाऊन उभा राहतो, ज्वारीच्या माळ्यावर राखणदार उभा राहतो तसा. तू काय उत्तर देतोस ते ऐकल्याशिवाय उतरणार नाही.

"बरूबर केलं," कौसाबाई म्हणाल्या. "मंग काय जाब आला?"

"वाट बघ, असा आला. उशीर झाला तरी माझं म्हणणं खरं होईल. तोवर सरळ माणसानं माझ्यावर भरवसा ठेवून जगावं."

"म्हंजे पटवाऱ्यावानीच बोलला की!" कौसाबाई म्हणाल्या. "आज न्हाई, उद्या या."

सगळी गर्दी खदखदून हसली. मीसुद्धा हसलो असतो, पण त्या बाईंनी नेमकं माझंच दुखणं बोलून दाखवलं होतं. चार महिने मी देवाला हेच म्हणत होतो.

उत्तर मार्थानं दिलं. ती गर्दीच्या कडेला उभी होती, तिथूनच म्हणाली, "पटवारी कधी तुमच्या शेतात आला का, बाई?"

"कशाला येतोय?"

"आमचा देव आला. पटवारी नुसता निरोप धाडतो. हा स्वतः आला, आमच्यावानी उपाशी राहिला, उन्हातानात चालला. त्याला लोकांनी मारलं. मरताना त्यानं बी विचारलं, देवा, मला का सोडलंस? त्यो जे म्हणाला ते आमच्याहून काही वेगळं न्हाई. तिसऱ्या दिवशी त्यो उठला. म्हणून आमी वाट बघताव. नुसत्या निरोपावर न्हाई बघत."

मग ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "तुम्हाला वाटतं ते लिहिणाऱ्याचं पोट भरलेलं होतं. त्याच्या आधीची ओळ वाचली नाही का तुम्ही? तो म्हणतो, माझे ओठ थरथरले, हाडं सडल्यासारखी झाली, पाय लटपटले. आणि त्याच लटपटत्या पायावर उभा राहून पुढचं म्हणतो. आनंद आलाय असं कुठं म्हणतोय तो? करीन म्हणतोय. हात थरथरेल तुमचा. थरथरू द्या. पण एस्तेरच्या नावानं फक्त वरच्या तीन ओळी सोडून जाऊ नका."

हे बोलताना ती रडत नव्हती. मीच रडत होतो.

उस्ताद चुन्याच्या बालदीपाशी बसले होते. त्यांनी बालदी पायानं बाजूला सरकवली, मंदिरातून माझी जुनी डबडी आणली, सुकलेल्या रंगात तेल ओतलं आणि घोटायला लागले. मान वर न करता म्हणाले, "बिस्मिल्ला किये तो आमीन तक जाना, मियाँ. आधे में उठना नक्को." ज्याच्या पाट्या मी पुसल्या, ज्याचा मुलगा कुठे पुरला हेही त्याला कुणी सांगितलं नाही, तो माणूस मला हे सांगत होता.

सुतळी गेरूत भिजवली. एक टोक उस्तादांनी धरलं. दुसरं टोक मी धरणार तो कौसाबाईंनी हातातून घेतलं. "तुमी लिव्हनारं. तुमी कशाला धरायलाव? ताण दिऊ का? लय ताणलं तर तुटल न्हवं?" मधोमध मार्था गुडघ्यांवर बसली. तिनं सुतळी दोन बोटांत धरली, थोडा वेळ धरूनच ठेवली, आणि सोडली. तांबडी रेघ उठली. मार्थानं टाळ्या वाजवल्या नाहीत. पण रेघ उठल्याबरोबर मागून कुणीतरी "वाऽ" म्हणालं.

मी लिहायला लागलो. 'तरीही' हा शब्द मी ठरवल्यापेक्षा मोठा काढला. लिहिता लिहिता भिंतीबद्दल एक गोष्ट कळली, जी इतकी वर्षं उपासनेत बसून कळली नव्हती. उत्तम शुक्रवारी, ज्या दिवशी प्रभूला वधस्तंभावर दिलं, लोकांनी हीच अर्धी भिंत वाचली होती. शास्त्री, शिपाई, घाबरलेले शिष्य, सगळ्यांनी. नाही, नाही, नाही. आणि सगळ्यांनी ती पुरी समजली, सरकारी शिक्का असलेला शेवटचा हुकूम समजून घरी गेले. भुजंगरावांची चूक तीच होती आणि माझीही तीच. अक्षरं खोटी नव्हती. शेतात खरंच दाणा नव्हता, कबरीत खरंच प्रेत होतं. फक्त भिंत संपलेली नव्हती. हबक्कूकानं खालच्या ओळी प्रभू उठला त्या रविवारच्या कितीतरी आधी, काहीच दिसत नसताना लिहिल्या, याला विश्वास म्हणतात. प्रभूच्या पुनरुत्थानानंतर त्या आपण वाचतो, तेव्हा आपल्याला तर पुढचं दिसलेलं आहे.

'आनंद' लिहिताना हात थरथरला. शिरोरेषा नागमोडी गेली. इतर कुठल्याही पाटीवर मी ती लगेच पुसली असती. इथे पुसली नाही.

भुजंगराव प्रत्येक शब्द पुरा झाला की मोठ्यानं वाचत होते आणि गर्दी त्यांच्यामागून म्हणत होती. बस आली. ड्रायव्हरनं वेग कमी केला, मग थांबवलीच. खिडक्यांतून माणसं वाचू लागली. शेवटची ओळ आली तेव्हा कौसाबाईंनी विचारलं, "आता काय लिव्हायलाव?"

"तो माझे पाय हरिणीसारखे करतो."

त्या म्हणाल्या, "हे पटलं बगा. आमच्या रानात हरनं हायत. दुस्काळ असू दे, पानी नसू दे, हरीन कदी रडत चालताना बगितलंय का? उड्याच मारतंय."

गिरदावर सायकल हातात धरून कधी येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळ्या सहा ओळी वाचल्या. म्हणाले, "हे सरकारी नाही, एवढं नक्की. सरकारला एवढं म्हणायची हिंमत नाही." आणि त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. ड्रायव्हरनं लांबलचक हॉर्न दिला. माणसं ओरडली. कशासाठी ओरडली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मला मात्र तो आवाज अजून ऐकू येतो. त्या कोरड्या, पिवळ्या रानात, ज्यांच्या घरी दाणा नव्हता अशी माणसं लग्नाची वरात आल्यासारखी ओरडत होती, आणि भिंतीपाशी गेरूनं बोटं तांबडी झालेली माझी बायको हसत होती. एस्तेर गेल्यानंतर पहिल्यांदा.

पुढे त्या चार गावांना साऱ्यात थोडी सूट मिळाली. फाट्यावर आजही सांगतात की ती भिंतीमुळे मिळाली. गिरदावर शेतं बघून गेले होते एवढं खरं. बाकी श्रेय मी घेत नाही, आणि हबक्कूकानंही घेऊ नये.

ती भिंत पुष्कळ वर्षं टिकली. मग रस्ता रुंद झाला. मंदिर मागे नवीन बांधलं. जुनी भिंत पाडली तेव्हा 'आनंद' शब्दाच्या वरच्या कडेचा चुन्याचा एक पोपडा पाळकसाहेबांनी आणून दिला. तो घरी आहे. थरथरलेली शिरोरेषा त्यावर स्पष्ट दिसते.

यंदा मार्थाला आम्ही सेलूला एस्तेरच्या शेजारी ठेवलं. दगड बसवला, पण त्यावर काही लिहायला मला महिने लागले. हात आता तसाही स्थिर नाही. गेल्या आठवड्यात मंडळीतली दोन माणसं बरोबर घेऊन गेलो. त्यांनी टोकं धरली. टिचकी मी स्वतः मारली.

दगड लहान आहे, सहा ओळी बसल्या नसत्या. मी खालच्याच तीन लिहिल्या, 'तरीही'पासून. वरच्या तीन लिहायची गरज नव्हती. दफनभूमीच्या फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाला त्या पाठ असतात.